न्हाणीबाहेरचा गॅस गीझर : दहा महिन्यांनंतर

"गोव्यात गीझर कशाला?" मुंबईच्या नणंदेने हे विचारलं, तेव्हा तिला म्हटलं, डिसेंबरात ये आणि पहाटे साडेपाचला आमच्या टाकीचा नळ सोडून बघ. फोंड्याच्या बाजूला, डोंगराला टेकून घर. हुडहुडी भरायला हिमालय लागत नाही.

आधी सासूबाईंचं भाण होतं. न्हाणीच्या कोपऱ्यातलं तांब्याचं भाण, खाली चूल, त्यात नारळाची सोडणं आणि चुडतं. पाणी उत्तम तापायचं, पण धुराने त्यांचा खोकला वाढला. मग विजेचा गीझर आला. तो पावसाळ्यात वीज असेल तेव्हाच चालायचा, म्हणजे नको तेव्हा. म्हणून गेल्या डिसेंबरात गॅसचा घेतला. मिनिटाला ६ लिटरचा, आत ठिणगीसाठी दोन मोठे सेल. ४,८०० रुपये पडले. यंत्राबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. बसवण्याबद्दल मात्र बरंच.

प्लंबर आला तो थेट न्हाणीत ड्रिल घेऊन शिरला. शॉवरच्या शेजारची भिंत ठोकून बघितली. "सगळे भितरूच लायतात," म्हणाला. नशिबाने त्याच दिवशी गॅस एजन्सीचा मेकॅनिक शेगडी बघायला आला होता. वयस्क माणूस, कमी बोलणारा. दारातूनच म्हणाला, "बाय, भितर लावूं नाका. भायर लावया." प्लंबरचं तोंड पडलं.

रात्री नवऱ्याने कागदावर हिशेब मांडला, तो मला अजून पाठ आहे. आमची न्हाणी ४ बाय ६ फूट, उंची ८. आत हवा साधारण साडेपाच घनमीटर. हा गीझर तासाला ९०० ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला दीडशे ग्रॅम. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरच्या वर हवा लागते. दार-खिडकी लावून दहा मिनिटं आंघोळ केली, तर न्हाणीतल्या हवेचा तिसरा हिस्सा त्या ज्योतीने वापरून टाकला. जळून उरलेली हवा आतच फिरणार, ज्योतीला प्राणवायू कमी पडत जाणार, आणि मग कार्बन मोनॉक्साइड तयार होणार. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तो गळला की नाक सांगतं. हा वायू नाकाला कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं की गरम पाण्याने सुस्ती आली. कडी आतून लावलेली असते.

तर गीझर मागच्या पडवीत लागला, उघड्या बाजूला. गरम पाण्याची नळी तेवढी भिंतीतून आत घेतली. आमची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. छोट्या प्लगांनी चिऱ्याची नुसती माती पडली, लांब बोल्ट आणावे लागले. ज्योत बघायची काच माझ्या डोळ्यांच्या उंचीला येईल असा तो टांगून घेतला. तेव्हा नवरा हसला होता.

गॅसची जोडणी हे दुसरं भांडण. प्लंबरला शेगडीच्या रबरी नळीला मध्येच टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घालायचा होता. मेकॅनिकने ऐकलं नाही. रेग्युलेटरपासून तांब्याची नळी, तिला दोन वेगळे व्हॉल्व्ह, एक शेगडीला आणि एक गीझरला. शेवटच्या हातभर अंतराला आयएसआय शिक्क्याची नारिंगी सुरक्षा नळी. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची. याचे २,३०० वेगळे गेले. तेव्हा टोचले.

पहिल्यांदा चालू करताना मी बाजूलाच उभी होते. आधी नुसतं पाणी सोडलं. नळीतली हवा फुरफुरत गेली, धार एकसारखी झाली, सांधे कोरडे आहेत हे बोटाने बघितलं. मग गॅस उघडून प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस. एका ठिकाणी अगदी बारीक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. नट अर्धा फेरा आवळल्यावर थांबला. माझ्या नाकाला तिथे काही म्हणजे काही कळलं नव्हतं. सेल सगळ्यात शेवटी घातले. गरम पाण्याचा नळ सोडल्यावर टक-टक-टक सुरू झालं, पण पेटेना, कारण नव्या नळीत अजून हवा. इथे प्लंबरने घाई केली, नळ बंद-चालू, बंद-चालू. चौथ्या वेळी "भप्प" असा आवाज झाला आणि पडवीतलं मांजर थेट माडाखाली. मेकॅनिकने प्लंबरला बाजूला केलं, नळ आणि गॅस दोन्ही बंद करून काही मिनिटं थांबायला लावलं. "पेटलं नाही तरी गॅस आत येतोच," एवढंच म्हणाला. पुढच्या खेपेला अलगद पेटला. निळी, ताठ ज्योत.

आता रोजचं. आमची टाकी शॉवरच्या जेमतेम सहा फूट वर. पाण्याला जोर नसेल तर आतला पडदा हलत नाही, पडदा हलला नाही तर गॅस उघडत नाही. बादलीच्या नळावर गीझर धावतो, हँडशॉवरवर रुसतो. टाकी उंच करायला हवी, पण घरात अजून एकमत नाही. आणखी एक गंमत, पाणी फार कढत वाटलं तर नळ बारीक करायचा नाही, मोठा करायचा. बारीक केलात तर आणखी तापतं. पाहुणे हमखास उलटं करतात. एप्रिल-मे महिन्यांत टाकीच इतकी तापते की गीझर बंदच होता.

पहिल्या पावसात नळाला तांबूस पाणी आलं आणि गीझर पेटेनासा झाला. आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी छोटी जाळी असते, ती लाल मातीने बुजली होती. जुन्या टूथब्रशने दोन मिनिटांचं काम. सेल पाच महिने टिकले, पण दमट हवेने त्यांच्या पत्र्यांवर हिरवट बुरशीसारखं काही चढलं, ते घासावं लागलं. वाऱ्याने ज्योत दोनदा विझली, दोन्ही वेळा गॅस आपोआप बंद झाला. पागोळ्यांचं पाणी उडू नये म्हणून वर पत्रा लावला, पुढून आणि बाजूंनी मोकळाच ठेवून.

जुलैतली गोष्ट गंभीर. एका सकाळी काचेत ज्योत पिवळी दिसली, टोकं लोंबणारी, आणि वरच्या पत्र्यावर काजळी. लगेच बंद केला, व्हॉल्व्हसुद्धा. मेकॅनिकने उघडलं, तर बर्नरच्या हवेच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, बोटाच्या पेराएवढं. तेवढ्याने हवा अडली होती. हाच गीझर न्हाणीत असता तर मी काचेत बघत बसले नसते, डोक्यावर पाणी घेत उभी असते. तेव्हापासून नवरा माझ्या उंचीच्या काचेला हसत नाही. रोज पहिला नळ सोडल्यावर तोही डोकावतो.

चवथीला घरात चौदा माणसं होती. एकामागून एक सगळ्यांच्या आंघोळी नऊच्या आत, आरतीला कोणी थांबलं नाही. एरवी आम्ही चौघं मिळून दिवसाला वीस मिनिटं वापरतो, म्हणजे नुसत्या गीझरला १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिना पुरावा. प्रत्यक्षात शेगडी धरून तो महिनाभर जातो. विजेचं बिल उतरलं, पण फार मोठी बचत झाली असं म्हणणार नाही.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो मराठी माहितीपत्रक नाही म्हणून, आणि इंग्रजीतलं आहे त्यात "हवेशीर जागी बसवा" ही ओळ सगळ्यात बारीक अक्षरांत आहे म्हणून.

दिवाळी आठवड्यावर आली आहे. सासूबाईंनी बजावलंय की नरकचतुर्दशीला पाणी भाणातलंच. काल चिंच लावून ते घासून ठेवलं, सोडणं सुकत घातली आहेत.