बँकॉक ते अयुथ्थया: तिसऱ्या वर्गाच्या गाडीने एका दिवसाची सहल

थायलंडला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहलीत बँकॉक, पट्टाया आणि फुकेत ही नावे ठरलेली असतात. अयुथ्थया असलेच तर ते बहुधा वातानुकूलित बसच्या एका दिवसाच्या फेरीत, बुफे जेवणाला जोडून आलेले असते. हे परीक्षण त्या बसच्या पर्यायाचे, म्हणजे थायलंडच्या सरकारी रेल्वेच्या साध्या गाडीचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही गाडी स्वस्त आहे हे खरेच, पण ती घ्यावी याचे मुख्य कारण म्हणजे ती प्रवाशाला नदीच्या अलीकडच्या काठावर उतरवते. अयुथ्थयाची जुनी राजधानी चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक या तीन नद्यांनी वेढलेल्या बेटावर वसलेली आहे, आणि पाणी ओलांडून आत शिरल्यावर त्या नगराची रचना जशी उमगते, तशी पुलावरून थेट मंदिराच्या वाहनतळावर जाऊन उतरल्यावर उमगत नाही.

पहिला प्रश्न गाडी कोठून पकडायची हा आहे, आणि त्यात पुष्कळांचा गोंधळ होतो. जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या जलद आणि एक्स्प्रेस गाड्या क्रुंग थेप अफिवात या नव्या, अतिभव्य स्थानकातून सुटतात. साध्या आणि उपनगरी गाड्या मात्र अजूनही हुआ लाम्फोंग या जुन्या स्थानकातूनच निघतात. दोन्ही स्थानके मेट्रोच्या निळ्या मार्गावर आहेत, त्यामुळे पोहोचण्याची अडचण नाही. अडचण होते ती तिकीट एका स्थानकाचे समजून दुसऱ्या स्थानकावर जाऊन उभे राहिल्यास. जुन्या माहितीपुस्तकांत सगळ्याच गाड्या हुआ लाम्फोंगहून सुटतात असे छापलेले आढळते, त्यावर विसंबू नये.

माझी पसंती निःसंशय हुआ लाम्फोंगला आहे. 1916 साली सुरू झालेले, मारिओ तामान्यो या इटालियन वास्तुविशारदाने रचलेले हे स्थानक आपल्या कमानदार छपरामुळे लांबूनच ओळखू येते. शक्य असेल तर सकाळी आठच्या आधी तेथे पोहोचावे. ठीक आठ वाजता ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे स्थानक जागच्या जागी उभे राहते. पिशव्या घेऊन धावणारे प्रवासी, झाडणारे कामगार, खाद्यपदार्थ विकणाऱ्या बायका, सगळे थांबतात, आणि गीत संपताच जणू काही झालेच नाही अशा सहजतेने पुढे चालू लागतात. परदेशी पाहुण्यानेही उठून उभे राहावे, अशीच तेथील रीत आहे.

साध्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाला आरक्षण नसते. त्याच दिवशी खिडकीवर जाऊन तिकीट घ्यायचे. भाडे पंधरा-वीस बाथ, म्हणजे आपल्याकडच्या एका साध्या नाश्त्याहूनही कमी. अंतर 71 किलोमीटर आहे, आणि साध्या गाडीला त्यासाठी दीड ते दोन तास लागतात. डब्यात छताला पंखे असतात, काचा खाली ओढून खिडक्या पूर्ण उघडता येतात, आणि बाके इतकी सरळ पाठीची असतात की दोन तासांच्या पुढे ती कोणालाही सोसणार नाहीत. प्रवास तेवढ्यातच संपतो, त्यामुळे ही उणीव मला मोठी वाटत नाही. फेरीवाले सतत ये-जा करतात: चिकट भात, भाजलेली कोंबडी, कापलेली फळे, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ आणि नळी घालून दिलेला चहा. स्वच्छतेच्या बाबतीत डबे बरे असतात. प्रसाधनगृह मात्र गरज असेल तरच वापरावे, त्याऐवजी स्थानकावरचे अधिक चांगले. बसण्याची दिशा निवडताना ऊन कोणत्या बाजूने येते ते पाहून घ्यावे. गाडी उत्तरेकडे जाते, त्यामुळे सकाळी पूर्वेकडची, म्हणजे उजव्या हाताची बाजू तापते.

हा मार्ग थायलंडच्या सरकारी रेल्वेचा सर्वांत जुना मार्ग आहे. 26 मार्च 1897 रोजी राजा चुलालोंगकोर्न यांनी बँकॉक ते अयुथ्थया हाच टप्पा प्रथम खुला केला होता. प्रवाशाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, उत्तरेकडे चियांग माईला जाणारा आणि ईशान्येकडे नोंग खाई व उबोनला जाणारा असे दोन फाटे अयुथ्थयाच्या पुढे, बान फाची जंक्शनला फुटतात. दोन्ही मार्गांवरच्या गाड्या त्यामुळे अयुथ्थयावरूनच जातात आणि दिवसभरात गाड्यांची वानवा नसते. एक चुकली तर दुसरी मिळते, हा विश्वास असल्यामुळे दिवस आखताना मनावर दडपण राहत नाही.

अयुथ्थया स्थानकाच्या बाहेर पडताच टुकटुकवाले नकाशे घेऊन पुढे येतात. त्यांना नम्रपणे नकार देऊन समोरचा रस्ता ओलांडावा आणि सरळ समोरच्या गल्लीत शिरावे. ही गल्ली सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानांवरून थेट पा साक नदीच्या धक्क्यावर जाते. तेथून छोटी तर, म्हणजे ये-जा करणारी होडी, काही बाथ घेऊन पलीकडे सोडते. ओलांडायला फारसा वेळ लागत नाही, परंतु त्या थोड्या वेळात नगर वसवणाऱ्यांनी हीच जागा का निवडली ते दिसते: सभोवती खंदकाचे काम करणारे पाणी, आणि समुद्राकडून चाओ फ्रायातून वर येणाऱ्या गलबतांना धक्क्याला लागण्याची सोय. 1350 मध्ये स्थापन झालेल्या या राजधानीशी व्यापार करण्यासाठी पुढे चिनी, जपानी, इराणी, डच असे सगळे आले. आदल्या वर्षी गोवा घेतलेल्या आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीने 1511 मध्ये मलाक्का जिंकली, आणि त्याच वर्षी त्याचा दूत येथे येऊन दाखल झाला. पुढे येथे वसलेल्या पोर्तुगीज वसाहतीचे अवशेष बेटाच्या दक्षिणेला, नदीपलीकडे आजही पाहता येतात.

तरीतून उतरल्यावर चाओ फ्रोम बाजार ओलांडून नरेसुआन रस्त्याने सरळ पश्चिमेला गेले की वात महाथात येते (‘वात’ म्हणजे बौद्ध मंदिर). सायकल असेल तर हा रस्ता अगदी सोपा आहे. बेट सपाट आहे, कोठेही चढ नाही. दिवसाचे सायकलभाडे सुमारे पन्नास बाथ असते. घेण्यापूर्वी ब्रेक आणि कुलूप तपासून घ्यावे, आणि तारण म्हणून पासपोर्ट मागितल्यास तो न देता रोख अनामत ठेवावी.

वात महाथातमध्ये वडाच्या जातीच्या झाडाच्या मुळांनी कवेत घेतलेले वालुकाश्माचे बुद्धमस्तक आहे, आणि बहुतेक प्रवासी त्यासाठीच येतात. त्याच्यासोबत छायाचित्र काढताना आपले डोके बुद्धाच्या मस्तकापेक्षा वर राहू नये म्हणून खाली बसावे लागते, आणि उभे राहणाऱ्यांना तेथील रखवालदार लगेच टोकतो. हे ठीकच आहे. पण या मंदिरात खरा वेळ द्यावा तो भिंतींलगत रांगेने बसलेल्या मस्तकहीन मूर्तींना. 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर हे नगर जिंकून जाळले. पुण्यात तेव्हा थोरल्या माधवरावांची पेशवाई चालू होती. त्यानंतर राजधानी येथे परत आली नाही. 1782 मध्ये बँकॉक राजधानी झाले आणि ते उभारण्यासाठी येथल्या विटासुद्धा नावांतून खाली नेण्यात आल्या. ज्या शहरातून आपण सकाळी निघालो ते या अवशेषांतूनच उभे राहिले, हे या आवारात उभे असताना ठाऊक असावे, म्हणून येथे लिहिले.

रस्त्याच्या पलीकडेच वात राचबुराना आहे. बस-सहलींना तेथे थांबायला सहसा सवड नसते, आणि माझ्या मते संपूर्ण दिवसातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण हेच आहे. 1424 मध्ये राजाच्या मृत्यूनंतर त्याचे दोन मुलगे गादीसाठी हत्तींवरून एकमेकांशी लढले आणि दोघेही ठार झाले. गादीवर बसलेल्या तिसऱ्या भावाने, चाओ साम फ्रायाने, दोघांच्या दहनाच्या जागी हे मंदिर उभारले. मधला उंच प्रांग, म्हणजे ख्मेर धर्तीचे शिखर, वर चढून पाहता येतो, आणि त्याच्या पोटात उतरणाऱ्या अरुंद, उभ्या जिन्याने खालच्या कोठडीपर्यंत जाता येते; तेथे जुन्या भित्तिचित्रांचे रंग अजून ओळखू येतात. जिना इतका चिंचोळा आहे की वर येणाऱ्याला वाट देण्यासाठी खाली जाणाऱ्याला थांबावे लागते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि बंद जागेत घाबरणाऱ्यांनी वरच थांबलेले बरे. 1957 मध्ये चोरांनी ही कोठडी फोडून पुष्कळ सोने पळवले, आणि त्यानंतर पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून उरलेला ठेवा बाहेर काढला. तो आता चाओ साम फ्राया राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोन्याची मूठ असलेली राजतलवार आणि रत्नजडित, गुडघे टेकून बसलेला छोटासा सोन्याचा हत्ती ही त्यातली दोन नावाजलेली रत्ने. मंदिर पाहून मग संग्रहालयात जावे, हा क्रम उलटू नये. रिकामी कोठडी आधी पाहिली असेल तर हत्तीकडे पाहण्याची नजर बदलते. संग्रहालयाचा सुटीचा वार निघण्यापूर्वी पाहून ठेवावा, आणि दुपारी बारा ते दोन ही उन्हाची वेळ तेथेच काढावी.

वात फ्रा सी सान्फेत हे राजवाड्याच्या आवारातले मंदिर. त्याचे एका ओळीत उभे असलेले तीन चेदी, म्हणजे स्तूप, अयुथ्थयाच्या प्रत्येक चित्रात असतात. तेथे अर्धा तास पुरेसा आहे. शेजारच्या मोंगखोन बोफित विहारातली भव्य कांस्यमूर्ती मात्र चुकवू नये. आत भाविकांची वर्दळ असते, आणि सकाळपासून अवशेष पाहून आल्यावर पूजेत असलेली मूर्ती पाहणे मनाला बरे वाटते. खांदे व गुडघे झाकणारे कपडे असावेत. वात चायवत्थनाराम हे 1630 मधले देखणे मंदिर नदीपलीकडे पश्चिमेला आहे. तेथे सायकलने जाण्याचा आग्रह धरू नये, टुकटुक तासाच्या बोलीवर ठरवावी. पुढून बेडकाच्या तोंडासारखी दिसणारी ही टुकटुक अयुथ्थयाची खास आहे.

जेवणाबद्दल शाकाहारी वाचक पहिल्यांदा विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. माशाच्या सॉसचा वापर जवळजवळ प्रत्येक पदार्थात होतो, त्यामुळे नुसते मांस नको असे सांगून भागत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ असे थाई लिपीत लिहिलेले दुकान शोधावे. तेथे मांस, मासे, अंडी, इतकेच नव्हे तर कांदा-लसूणही नसतो. मासे खाणाऱ्यांसाठी नदीतली मोठी भाजलेली कोळंबी ही येथली प्रसिद्ध गोष्ट आहे, पण ती स्वस्त नाही. सगळ्यांनी खावी अशी एक वस्तू म्हणजे रोती साय माय. उ थोंग रस्त्यावर सरकारी रुग्णालयासमोर तिची दुकाने ओळीने आहेत, आणि ती बहुतेक मुस्लिम कुटुंबे चालवतात. तव्यावर ओल्या पिठाचा गोळा नुसता टेकवून उचलला की पापुद्र्याएवढी पातळ पोळी मागे राहते. तिच्यात साखरेच्या रंगीत तारा घालून गुंडाळी करायची. चव सोनपापडीच्या जवळ जाते. पिशवी बांधून घेऊन गाडीत खावी.

ऋतूचा विचार पदार्थांइतकाच गांभीर्याने करावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्च ते मे या महिन्यांत विटांची आवारे तापून निघतात, आणि सावली फार थोडी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात नद्या फुगतात. 2011 च्या महापुरात येथील मंदिरे पाण्याखाली गेली होती. त्या काळात निघण्यापूर्वी पाण्याची बातमी पाहावी.

परतीचा भाग या सेवेची कमकुवत बाजू आहे. अयुथ्थयाहून बँकॉककडे जाणाऱ्या अनेक गाड्या शेकडो किलोमीटर दुरून येत असतात, आणि वेळापत्रकातली वेळ ही त्यांच्या बाबतीत अपेक्षा म्हणून घ्यावी. रात्रीचे विमान त्याच दिवशी असेल तर ही सहल आखूच नये. तशी सक्ती नसेल तर चारच्या सुमारास तरीने परत येऊन, स्थानकाच्याच काठावर असलेले वात फनान चोएंग टुकटुकने पाहून घ्यावे. हे मंदिर 1324 मधले, म्हणजे नगराच्याही आधीचे आहे, आणि आतली बसलेली बुद्धमूर्ती सुमारे 19 मीटर उंच आहे. तेथून स्थानकावर येऊन मिळेल त्या गाडीने निघावे. परतताना गाडी कोणत्या स्थानकावर संपते ते तिकीट घेताना विचारावे, कारण जलद गाडी हुआ लाम्फोंगला जात नाही.

या मार्गावर बदल येऊ घातला आहे. बँकॉक ते नाखोन राचासीमा वेगवान रेल्वेचे काम चालू आहे, आणि 1991 पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या नगराजवळच्या तिच्या स्थानकाचा वारशावर काय परिणाम होईल यावरून थायलंडमध्ये वाद झाला आहे. वेगवान गाडी यावी, पण ती आल्यावर पंधरा-वीस बाथांत विद्यार्थ्यांना, बाजाराला जाणाऱ्या बायकांना आणि भिक्षूंना नेणारी साधी गाडी कमी केली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. पाहुण्यांची सोय ही तिची दुय्यम कामगिरी आहे.

सोबत वयस्क मंडळी किंवा लहान मुले असतील तर साध्या गाडीचा हट्ट धरू नये. क्रुंग थेप अफिवातहून सुटणाऱ्या एक्स्प्रेसचे वातानुकूलित आसन आधी आरक्षित करावे. भाडे बरेच जास्त पडते, वेळ थोडा कमी लागतो आणि अंग शिणत नाही. स्थानकावरून दिवसभरासाठी टुकटुक ठरवली तरी चालक पुलावरून नेतो, म्हणून त्याला आधी तरीच्या धक्क्यापलीकडे येऊन थांबायला सांगावे आणि नदी मात्र होडीनेच ओलांडावी.