वारस लावतो म्हणाला आणि आईचा अंगठा नेला

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत आमचं घर आहे. चिऱ्याचं, कौलारू, मागे बारा कलमं. 2020च्या टाळेबंदीनंतर असल्या घरांना एकदम गिऱ्हाईक आलं. घरबसल्या नोकरी करणारी मंडळी पुण्या-मुंबईहून राहायला आली, बंद घरांत दिवे लागले. त्याचं बरं वाटलं. पण गुंठ्याचा भाव असा चढला की लग्न झालेल्या माझ्या पुतण्याला आपल्याच वाडीत खोपटापुरती जागा परवडेना. दलाल फिरायला लागले ते तेव्हापासून.

आम्हाला फसवणारा परका नव्हता, शेजारच्या वाडीतला. बाबांच्या मागे सातबाऱ्यावर वारस लावायचे राहिले होते. "काकी, मी करून देतो," म्हणत तो आईला रिक्षाने तालुक्याला घेऊन गेला. मी चिपळूणला कामावर. फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला. आईला वाचता येत नाही. परतताना त्याने शहाळं पाजलं, ते ती अजून सांगते.

वारस खरंच लागले. आई, मी, बहीण. म्हणून संशय आला नाही. पण त्या दिवशी अंगठा घेतला होता तो कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आईच्या वतीने व्यवहार करायचा हक्क देणाऱ्या कागदावर, विक्रीच्या अधिकारासकट. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो. त्यासाठी दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा द्यावा लागत नाही. एवढं मला माहीत असतं तर!

पुढे एक दिवस शहरातलं एक जोडपं टेप घेऊन अंगणात उभं राहिलं. त्या शेजारच्या वाडीतल्याने आईचा अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा विकला होता आणि त्यांना सांगितलं होतं, अख्खं घर तुमचं. बिचाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती. त्यांनीच मला खरेदीखत दाखवलं.

त्याच दिवशी तलाठ्याकडे धावलो. फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या, नोटिशीवर हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यातले सहा उरले होते. लेखी हरकत दिली, पोच घेतली, नोंद तक्रारी झाली, म्हणजे निकालापर्यंत थांबली. कुलमुखत्यारपत्र रीतसर दस्त करून रद्द केलं, पोलिसांत तक्रार दिली. खरेदीखताचा दावा दिवाणी न्यायालयात चालू आहे. गावाला म्हातारी माणसं एकटी असतील तर सरकारच्या 'आपली चावडी' संकेतस्थळावर आपल्या गावचे फेरफार दर आठवड्याला बघा, फुकट दिसतात.

परवा रेशन दुकानदाराने यंत्र पुढे केलं, तर आईने हात पदरात घेतला आणि म्हणाली, "आधी ह्याला वाचू दे."