यूकेत ई-व्हिसा काढून देतो म्हणणाऱ्या एजंटने आम्हाला कसं फसवलं

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण तो माणूस अजून जाहिराती टाकतोय आणि आमच्यासारखे अजून किती जण अडकलेत देव जाणे.

2024 च्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आमच्या दोघांच्या बीआरपी कार्डावर, म्हणजे यूकेत राहायच्या परवानगीच्या कार्डावर, 31 डिसेंबर 2024 तारीख होती, व्हिसा मात्र त्याच्या पुढे बराच काळ होता. त्या तारखेने सगळेच घाबरलेले, सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच विषय. त्यात एकाने मेसेज टाकला की 31 तारखेनंतर कार्ड बंद म्हणजे व्हिसा बंद, ई-व्हिसात (म्हणजे कार्डाऐवजी ऑनलाइन नोंदीत) कन्व्हर्ट करून घ्या, माणशी 120 पाउंड, घरी येऊन करून देतो. मराठीत बोलणारा, ताई-दादा करणारा, ग्रुपमधल्या ओळखीच्या बाईंनी नंबर दिलेला.

खरं काय आहे ते आधी सांगते. कार्ड संपलं म्हणून व्हिसा संपत नाही, ती तारीख फक्त प्लास्टिकच्या कार्डाची होती. आणि यूकेव्हीआय अकाउंट, म्हणजे ज्यात ई-व्हिसा दिसतो ते यूकेच्या व्हिसा खात्याचं ऑनलाइन अकाउंट, उघडायला एक पैसाही लागत नाही, गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवरून ते फुकटच आहे, "कन्व्हर्जन फी" नावाचं काही अस्तित्वातच नाही.

तो घरी आला, लॅपटॉप उघडला, त्याच्याच फोनवरच्या ॲपमध्ये आमची कार्डं स्कॅन केली, चेहरे स्कॅन केले. अकाउंटला ईमेल लागतो तर म्हणाला तुमच्या नावाने नवीन बनवतो, तुमच्या रोजच्या मेलमध्ये सरकारी मेल हरवतात. मोबाईल नंबर कुठला टाकला ते सांगितलं नाही, तो त्याचाच होता. काही दिवसांनी दोघांच्या ई-व्हिसाचे स्क्रीनशॉट पाठवले, नाव बरोबर, तारीख बरोबर. आता तुम्हीच सांगा, यात शंका यावी असं काय होतं?

खरा खेळ नंतर सुरू झाला. आम्ही घर बदलत होतो आणि इंग्लंडमध्ये भाड्याने घर देताना घरमालकाला राइट टू रेंट, म्हणजे भाड्याने राहायचा हक्क, तपासावं लागतं, त्यासाठी शेअर कोड द्यायचा असतो, ज्याने समोरच्याला आपला व्हिसा ऑनलाइन बघता येतो. शेअर कोड काढायला अकाउंटमध्ये लॉगिन करावं लागतं आणि लॉगिन करताना एक सिक्युरिटी कोड येतो, तुम्ही दिलेल्या फोनवर किंवा ईमेलवर. आमचा कोड जायचा त्याच्याकडे!! फोन केला तर म्हणाला कोड जनरेशनचे 40 पाउंड होतील, प्रत्येकी. घरासाठी ते पण दिले. पुढे म्हणतो हा ई-व्हिसा 90 दिवसांचा असतो, दर 90 दिवसांनी रिन्यू करावा लागेल, वर्षाचं पॅकेज घ्या. 90 दिवस असतात ते शेअर कोडला, व्हिसाला नाही, कोड संपला की स्वतः लॉगिन करून नवीन काढायचा, कितीही वेळा, फुकट. खऱ्या नियमातला आकडा उचलून त्याने त्याभोवती खोटं रचलं होतं, म्हणून ते पटायचं.

पॅकेजला नाही म्हटल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. मिस्टरांच्या नवीन नोकरीत राइट टू वर्कसाठी, म्हणजे काम करायचा हक्क तपासायला, वेगळा शेअर कोड मागितला आणि तो काढायची सोयच नाही, एचआरचे रोज मेल. म्हणजे घराची किल्ली परक्याच्या खिशात आणि आपण दारात उभे. नोकरी, घर, विमान, सगळं त्या एका लॉगिनवर आणि ते लॉगिन त्याच्या हातात. 320 पाउंड गेले त्याचं दुःख आहेच पण त्या आठवड्यांत झोप लागत नव्हती ते जास्त.

सुटलो ते सरकारी साइटवरूनच. फोन आणि ईमेल दोन्ही आपल्या हातात नसले तरी अकाउंट परत मिळवायची सोय तिथे आहे, ओळख पटवून द्यावी लागते. वेळ लागला, मिस्टरांची जॉइनिंग पुढे गेली, पण कंपनी थांबली हे नशीब. अकाउंट हातात आल्यावर पहिलं काम फोन आणि ईमेल बदलले, मग पासपोर्ट नंबर नीट तपासला, कारण ज्या पासपोर्टवर प्रवास करणार तोच अकाउंटला जोडलेला हवा, नवा पासपोर्ट आला की तोही आपणच अपडेट करायचा.

ज्यांनी कोणाकडून करून घेतलंय त्यांनी आजच स्वतः लॉगिन करून बघा, सिक्युरिटी कोड कुठे येतो ते. दुसऱ्याकडे जात असेल तर लगेच हालचाल करा. मदत हवीच असेल तर सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीच्या रजिस्टरमध्ये नाव असलेला ॲडव्हायझर बघा, पूर्वी याला ओआयएससी म्हणायचे. रजिस्ट्रेशनशिवाय इमिग्रेशन सल्ल्याचा धंदा करणं 1999 च्या कायद्याने गुन्हा आहे, आमच्या माणसाचं नाव रजिस्टरमध्ये कुठेच नव्हतं. तक्रार केलीय, पैसे अजून आलेले नाहीत. असले मेसेज एसएमएसने आले तर 7726 वर फॉरवर्ड करा, त्याला पैसे पडत नाहीत.

आता त्याने नवीन जाहिरात टाकलीय, ज्यांच्या जुन्या पासपोर्टवर आयएलआरचा, म्हणजे यूकेत कायम राहायच्या परवानगीचा, शिक्का आहे अशा वयस्कर लोकांसाठी. त्यांना नो टाइम लिमिट नावाचा सरकारी अर्ज करून ई-व्हिसा मिळतो, आणि त्या अर्जालाही फी नाही. तुमच्या ओळखीत असे काका-काकू असतील तर त्यांना आजच फोन करून सांगा.