ऑर्किडच्या पिल्लांचे मलम: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ऑर्किडच्या फुलदांड्यावर पिल्लू, म्हणजे नवे छोटे रोप, फुटावे म्हणून लावायच्या मलमाची मे महिन्यात मागवलेली दुसरी डबी उघडली, तेव्हा आत मलम असे राहिलेच नव्हते. वर पिवळसर तेलाचा थर तरंगत होता आणि तळाशी रवाळ साका बसला होता. फेब्रुवारीत घेतलेली पहिली डबी लोण्यासारखी एकजीव होती, त्यामुळे फरक लगेच लक्षात आला. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, त्यावर "मॅडम, वितळले तरी चालते, काडीने ढवळून घ्या," एवढेच उत्तर आले आणि डबी बदलून देण्यास त्यांनी साफ नकार दिला. ५ ग्रॅमला ३५० रुपये, म्हणजे ग्रॅमला ७० रुपये मोजल्यानंतर हे उत्तर मला पटले नाही आणि आजही पटत नाही.

या मलमात बेंझिल अ‍ॅडेनाइन हे सायटोकायनिन गटातले, म्हणजे फुटवे आणणारे, वनस्पती-संप्रेरक असते आणि ते लॅनोलिनमध्ये, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या मेणचट स्निग्ध पदार्थात, मिसळलेले असते. लॅनोलिन ४० अंशांच्या आसपास पातळ होते. आमचे घर रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठी आहे आणि इथे मे महिन्यातही पारा सहसा ३३-३४ अंशांच्या पुढे जात नाही. पहिली डबी त्याच दिवसांत पडवीतल्या फळीवर होती. ती मऊ पडली, पण तिच्यातले तेल वेगळे झाले नाही. म्हणजे दुसरी डबी माझ्या घरी नव्हे, तर वाटेत कुठल्या तरी पत्र्याच्या गोदामात किंवा उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत वितळली, हे उघड आहे. अर्थात तो दोष पाठवणाऱ्याचा आहे.

आता पहिल्या डबीविषयी. फेब्रुवारीत फॅलेनॉप्सिस या जातीच्या दोन ऑर्किडची फुले गळल्यावर मी फुलदांडे कापले नाहीत. दांड्याच्या प्रत्येक पेरावर एक पातळ, त्रिकोणी खवला घट्ट चिकटलेला असतो. नव्या ब्लेडने त्याला उभा छेद देऊन चिमट्याने तो दोन्ही बाजूंनी सोलला, की खाली हिरवा, तांदळाच्या कणीएवढा डोळा दिसतो. मलम लावायचे ते त्या डोळ्यावर आणि तेही मोहरीएवढेच. खवल्यावरून लावलेले मलम डोळ्यापर्यंत नीट पोहोचत नाही. माहितीपत्रकात मात्र खवला काढण्याचा उल्लेखच नाही. मी दोन्ही दांड्यांवर मिळून चार पेरांना मलम लावले. सहा आठवड्यांत तीन पेरे ढिम्म हलली नाहीत आणि चौथ्यातून पिल्लाऐवजी फुलांची फांदी निघाली. एप्रिलअखेरीस मी हे मलम निरुपयोगी ठरवून टाकले होते.

ते मत मला बदलावे लागले. फॅलेनॉप्सिसला फुलदांडा धरण्यासाठी काही आठवडे थोडा गारवा लागतो, तर उबदार हवेत जागा झालेला डोळा पिल्लाकडे वळण्याची शक्यता अधिक असते. फेब्रुवारीतल्या आमच्या रात्री गार होत्या. मेच्या शेवटी पहिल्या डबीतले उरलेले मलम मी एका राहिलेल्या पेराला पुन्हा लावले आणि मृगाचा पाऊस स्थिरावला तेव्हा त्यातून दोन पाने डोकावली. मला इतका आनंद झाला, की रोज सकाळी चहाआधी मी तेच पेर पाहायला जात असे.

दुसऱ्या डबीतले मलम सांगितल्याप्रमाणे ढवळूनही एकजीव झाले नाही. वरच्या तेलकट भागातले मलम दोन पेरांना लावले. दहा आठवड्यांत काहीही घडले नाही. तळचा साका एका पेराला लावला, तर तिथून तीन फुटवे एकमेकांत गुंतून आले, पाने आखूड आणि जाड, आणि त्यांतला एकही धड वाढला नाही. संप्रेरक तळाशी साचून वर नुसते लॅनोलिन उरले असावे, असा माझा तर्क आहे. डबीवर संप्रेरकाचे प्रमाण टक्क्यांत दिलेले नाही आणि उत्पादनाची तारीखही नाही. आमच्याकडे हापूसच्या कलमांना मोहोरासाठी पॅक्लोब्युट्राझोल हे औषध देताना बागायतदार झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून मात्रा ठरवतात. मग सुईच्या टोकावर मावणाऱ्या या औषधाची मात्रा ग्राहकाने अंदाजाने का ठरवावी?

आणखी एक गोष्ट विक्रेते स्पष्ट सांगत नाहीत: या मलमाने मुळे फुटत नाहीत. शेजारच्या वहिनींनी माझ्याकडून थोडे मलम नेऊन जास्वंदीच्या काड्यांच्या बुडाला लावले आणि सगळ्या काड्या काळ्या पडल्या. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, वाढीचे औषध आहे म्हणून?" असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी नीट समजावून दिले नव्हते, हे मला मान्य करावे लागले. स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ साली तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिले, की ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकाचे प्रमाण जास्त असेल तर मुळे येतात आणि सायटोकायनिनचे जास्त असेल तर फुटवे. काडीला मुळे हवी असतील, तर इंडोल ब्युटिरिक आम्ल या ऑक्सिनची पूड घ्यावी, ती स्वस्तही पडते. माझ्या पिल्लालाही चार पाने आली तरी मुळाचा पत्ता नव्हता. शेवटी ओले करून पिळलेले स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) त्याच्या बुडाभोवती सैल गुंडाळले आणि पावसाची झड लागू नये म्हणून कुंडी पडवीत आत घेतली. पाणी पानांच्या बेचक्यात साचले, तर कुजायला दोन दिवस पुरतात.

रबर प्लांटच्या उघड्या खोडाला मात्र या मलमाचा चांगला उपयोग झाला आणि हव्या त्या पेरातून फांदी निघाली. मनी प्लांटवर ते लावू नये, शेंडा खुडला तरी तो आपसूक फुटतो.

आज नोव्हेंबरात त्या पिल्लाला दोन मुळे आहेत, लांब मूळ ४ सेंटिमीटर भरले आहे. मुळे ५-६ सेंटिमीटर झाली, की ते आईपासून कापून नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत आणि कोळशात लावणार आहे. पहिल्या डबीच्या तळाशी चिकटलेले मलम फ्रिजच्या दारात ठेवले आहे आणि ते अजून सात-आठ पेरांना पुरेल. ते संपल्यावर नवी डबी थंडीतच मागवीन, आणि तीही दुसऱ्या विक्रेत्याकडून.