मुरमाचं सुख पूर्वेला: ग्रॅव्हल सायकलवर पुण्याभोवती एक हंगाम

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही पळणारी जरा जाड टायरची रोडबाईक, घेतली की पुण्यातला माणूस आधी मुळशी-पवनेकडे हँडल वळवतो. साहजिक आहे. डोंगर तिकडे, धरणं तिकडे, फोटोही तिकडेच चांगले येतात. पाऊस ओसरल्यापासून पार उन्हाळ्यापर्यंत दोन्ही दिशा भरपूर फिरून झाल्यावर माझं मत मात्र पक्कं झालंय: ही सायकल पूर्वेची आहे. पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर. पश्चिमेला डांबरावरची रोडबाईक न्या नाहीतर सरळ डोंगरवाटांची एमटीबी न्या.

मावळ-मुळशीत पाऊस इतका कोसळतो की कच्चा रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत एकतर वाहून जाऊन नुसते दगडगोटे उरतात, किंवा वैतागून कुणीतरी त्यावर काँक्रीट ओततं. पवनेच्या काठाने तिकोना पेठेकडे जाताना हेच दिसतं. ज्या दर्जाच्या कच्च्या रस्त्यावर चाळीस मिलिमीटरचं टायर मजेत पळतं, तो तिकडे तुकड्यातुकड्यांत मिळतो आणि बरेचदा बंगल्यांच्या प्लॉटिंगच्या गेटपाशी संपतो. बेडसे लेणी अप्रतिम आहेत, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. पण पायथ्यापर्यंत साधा रस्ता आणि पुढे पायऱ्या. ग्रॅव्हल सायकलने वेगळं काय मिळालं? काही नाही.

दिवे घाट किंवा बोपदेव चढून वर आलं की चित्र पालटतं. हा पर्जन्यछायेचा मुलूख. माळरानावर बसाल्ट कुजून झालेला मुरूम पसरलेला, पाणी झिरपून जातं आणि वरचा थर घट्ट बसतो. खरं ग्रॅव्हल ते हेच. कऱ्हेच्या खोऱ्यात खाली उतरलात की काळी माती लागते, आणि तिथे पाऊस झाला असेल तर विषय संपला. ती माती टायर आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. सायकल खांद्यावर घेऊन बांधाबांधाने डांबर गाठावं लागतं. म्हणून नकाशावर रस्ता कच्चा आहे का एवढंच बघू नका, उपग्रह चित्रात मातीचा रंग बघा. तांबूस-पांढुरका असेल तर पाऊस थांबल्यावर लवकर चालवता येतो. काळा असेल तर चांगली उन्हं पडेपर्यंत विसरा.

माझा नेहमीचा रूट सासवडवरून. कऱ्हा आणि चांबळी या नद्या मिळतात तिथलं संगमेश्वराचं देऊळ आणि पुढे चांगावटेश्वर ही दोन्ही ठिकाणं गर्दीच्या आधी गाठायची. बाळाजी विश्वनाथ पेशवे १७२० मध्ये सासवडलाच वारले. नंतर सोनोरी. वर मल्हारगड, खाली गावात पानशांचा वाडा. पानसे पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख, त्यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान हा गड बांधला. मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांमधला हा शेवटचा मानतात. लहानसा आहे, तासाभरात बघून होतो. सोनोरीकडून वर जाणाऱ्या कच्च्या वाटेवर मागच्या चाकाची पकड सुटते, तिथे सरळ उतरून ढकलावं. सायकलचे बूट घालून त्या घसाऱ्यावर चालणं ही वेगळीच कला आहे. परतीला दिवे घाट उतरताना वडकीच्या हद्दीतला मस्तानी तलाव दिसतो, पण घाटात ट्रक आणि पालखी मार्गाचं काम, त्यामुळे नजर रस्त्यावरच ठेवलेली बरी. मी चढायला आणि उतरायला बोपदेवच धरतो.

सासवडच्या पूर्वेचा पट्टा मला सगळ्यात आवडतो: वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, पारगाव मेमाणे. गावागावांना जोडणारे मुरमाचे रस्ते, दोन्ही बाजूंना अंजीर आणि सीताफळाच्या बागा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हंगामात बागेच्या कडेला पाटीत मिळणारी अंजिरं खाल्लीत की एनर्जी जेलची पाकिटं परत घ्यावीशी वाटत नाहीत. खानवडीत महात्मा फुल्यांचं स्मारक आहे. ही नावं ओळखीची वाटली असतील तर ती बातम्यांमुळे. पुरंदर विमानतळासाठी निवडलेली सात गावं हीच. पारावर चहा घेताना दुसरा विषय नसतो. विमानतळ हवा की नको यावर शहरातून सायकलवर आलेल्याने बोलू नये असं मला वाटतं, पण हा रूट बघायचा असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका.

तिथून वाघापूर, माळशिरस करत भुलेश्वर. माळशिरस म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं नव्हे, हे पुरंदरातलं. शेवटचा चढ छोटा पण नाकाला दम आणणारा. देऊळ यादवकालीन, बाहेरून घुमटांमुळे देऊळ वाटतही नाही, आणि आत शिरलं की काळ्या दगडातलं काम बघून माणूस गप्प होतो. स्त्रीरूपातला गणपती, वैनायकी, तेवढा शोधून बघाच. आवारात माकडं फार. हँडलबारच्या पिशवीची चेन त्यांना आपल्यापेक्षा लवकर उघडता येते.

आता टायरबद्दल, कारण प्रश्न सगळे त्यावरच येतात. ट्यूबलेस करा, म्हणजे आत ट्यूब नाही, नुसतं भोक बुजवणारं द्रव सीलंट. मुकाट्याने करा. या भागात सराट्याचे काटे इतके आहेत की ट्यूब घालून निघणं म्हणजे पंक्चर काढायची शिकवणी लावल्यासारखं आहे. सराट्याचं भोक सीलंट बुजवतं, बहुतेक वेळा कळतही नाही; घरी येऊन टायर धुताना हिरवट ठिपके दिसतात तेव्हा समजतं. वेडी बाभूळ मात्र वेगळं प्रकरण. शेतकरी फांद्या छाटून बांधावर कुंपणाला टाकतात आणि त्यातल्या चार रस्त्यावर येतात. तो काटा आरपार जातो, त्याला प्लगच (भोकात कोंबायची रबरी पट्टी) लागतो. काटा लगेच उपसून काढू नका. आधी प्लग हातात तयार ठेवा, भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवा, मग काटा ओढा. पुण्याच्या उन्हाळ्यात सीलंट डब्यावर लिहिलंय त्याच्या आधीच सुकतं, दोन महिन्यांनी बघत जा. हवेचं म्हणाल तर माझ्या सत्तरेक किलोला पुढे पस्तीस आणि मागे अडतीस पीएसआय जमतं. दुकानातल्या पोराने पन्नास भरून दिली होती, मुरमावर दात वाजत होते.

गिअरचं म्हणाल तर पुढे पेडलपाशी एकच चक्र (चेनरिंग), चाळीस दातांचं, आणि मागे ४२ दातांपर्यंतच्या चक्रांचा संच (कॅसेट). बोपदेवला पुरते, भुलेश्वरच्या शेवटच्या वळणावर पुरत नाही. तारेने ओढले जाणारे मेकॅनिकल डिस्क ब्रेक चालतात पण घाट उतरताना बोटं आखडतात. बजेट असेल तर तेलाच्या दाबावरचे हायड्रॉलिक घ्या. चेनला ओलं, चिकट राहणारं तेल घालू नका, फुफाटा त्यावर बसून पेस्ट होते आणि कॅसेट खाते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सारख्या किमतीत सगळ्यांच्या फ्रेम उन्नीस-बीस आहेत.

कालव्याचा रस्ता हा खरं तर आपला तयार ग्रॅव्हल ट्रॅक. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हडपसर, लोणी, यवत करत इंदापूर तालुक्यापर्यंत जातो. शहरातला तुकडा सोडून द्या, तिथे सायकल काय, नाकही नेऊ नये. उरुळी कांचनच्या पुढे भरावावरून सपाट, झाडांच्या सावलीतून मस्त लय लागते. अडचण दोनच. शेतीसाठी पाणी सोडलेलं (आवर्तन) असलं की जागोजागी पाझर फुटून चिखल होतो. आणि गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या आल्या की बाजूला व्हायला जागा नसते.

पाणथळ जागांचं म्हणाल तर कवडी पाट जवळचं, हिवाळ्यात चक्रवाक बदकं हमखास. पण नदीला वास आणि बंधाऱ्यावर फेस. तेच पाणी रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं आणि पुढे उजनीत जातं, हे भिगवणला रोहित पक्षी बघताना आठवतं. भिगवणला सोलापूर हायवेने सायकल मारत जाऊ नका. गाडीला रॅक लावा आणि कुंभारगावपासून काठाकाठाने फिरा. कुठवर जाता येईल ते धरण ठरवतं. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी, म्हणून पेपरात 'उजनी उणे' असं छापून येतं तेव्हाही पाणी बरंच असतं. मागे सरकलेल्या पाण्याच्या जागी भेगाळलेला गाळ दिसतो, वरून कडक आणि आत लोण्यासारखा. त्यावर सायकल घालायची नाही, जुनी गाडीवाट असेल तेवढीच धरायची.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य फक्त ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. आत सायकल दामटायचा विचार करू नका. चिंकारे आसपासच्या माळावरही दिसतात, त्यांना हद्द कुठे माहीत असते. माळावर रुळलेली वाट सोडायची नाही, कारण टिटवी आणि धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. एकदा मोरगावच्या अलीकडे टिटवीने डोक्यावर घिरट्या घालून इतका कालवा केला की थांबलो. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, वर तसेच काळे ठिपके. मिनिटभर बघत होतो तरी नजर हटवली की परत सापडत नव्हती.

कुत्र्यांचं काय, हा नेहमीचा प्रश्न. गावातली कुत्री भुंकून सोडतात. मेंढरांबरोबरची सोडत नाहीत, त्यांचं ते कामच आहे. कळप दिसला की लांबूनच उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवून चालायचं आणि हाक मारायची, "ओ दादा, कुत्रं धरा!" बहुतेक वेळा "चला पाव्हणं, काय करत न्हाई" असं उत्तर येतं आणि कुत्रं तोवर टाचेपर्यंत आलेलं असतं. तरीही पळायचं नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळे रूट चांगले. मार्चनंतर पहाटे निघून दहाच्या आत सावली गाठायची, वाघापूर ते भुलेश्वर पट्ट्यात पाण्याची खात्री नाही, तीन लिटर सोबत ठेवा. एप्रिल-मेमध्ये एकच राईड करायची असेल तर इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवची करा. उजनी खाली गेली की पाण्यातलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. त्या आठवड्यातली धरणाची पातळी बघून निघा आणि गावात विचारल्याशिवाय गाळात उतरू नका.