बालवर्गासाठी बी-बॉट: पडदा नसलेला यंत्रमानव

इंग्लंडमधील सरकारी शाळांत २०१४पासून पाचव्या वर्षापासूनच मुलांना अल्गोरिदम (एखादे काम करण्याच्या क्रमवार पायऱ्या) म्हणजे काय आणि प्रोग्रॅममधील चूक कशी शोधावी हे शिकवले जाते. त्याही आधीच्या वयासाठी तिथल्या बालवर्गांत जी साधने रुळली आहेत, त्यांत टीटीएस कंपनीचा बी-बॉट हा मधमाशीच्या रूपातला पिवळा-काळा यंत्रमानव मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो.

त्याला पडदा नाही. पाठीवर फक्त सात बटणे आहेत: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांबा, पुसा आणि चला. एका आज्ञेला तो १५ सेंटीमीटर सरकतो किंवा जागच्या जागी ९० अंशांत वळतो. खरे शिक्षण या वळणातच आहे. डावीकडचे बटण दाबले की माशी चटईवरच्या डावीकडच्या चौकोनात जाईल अशी मुलांची अपेक्षा असते. ती मात्र नुसती तोंड फिरवते, आणि तिचे तोंड आपल्याकडे असेल तर तिची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. चार वर्षांचे मूल मग उठून माशीच्या मागे जाऊन उभे राहते, स्वतः वळून पाहते आणि पुन्हा बटणे दाबते. मुलांसाठीच्या लोगो या प्रोग्रॅमिंग भाषेचे एक जनक सेमूर पॅपर्ट यांना तिच्यातल्या, आज्ञांनुसार फिरणाऱ्या कासवाकडून हेच अपेक्षित होते: मुलाने स्वतःला त्याच्या जागी ठेवून विचार करावा.

दोष मात्र याच साधेपणातून येतो. दिलेल्या आज्ञा कुठेच दिसत नाहीत. जुन्या बी-बॉटच्या स्मृतीत अशा ४० आज्ञा मावतात, परंतु मुलाला चार-पाचही आठवत नाहीत. शिवाय ‘पुसा’ दाबायचे राहिले की नव्या आज्ञा जुन्यांच्या शेपटीला जोडल्या जातात आणि माशी भलतीकडेच निघते. त्यामुळे बाणांचे पुठ्ठ्याचे पत्ते आधी जमिनीवर ओळीने मांडून घेणे मी अनिवार्य मानते. याच कंपनीच्या ब्लू-बॉटला आज्ञांच्या छोट्या चकत्या मांडण्याची वेगळी पट्टी जोडता येते खरी, पण पुठ्ठ्याने भागत असताना तो खर्च मला पटत नाही.

चौकोन आखलेल्या छापील चटईचीही गरज नाही. गुळगुळीत फरशीवर खडूने १५ सेंटीमीटरचे चौकोन आखले की पुरते. जाड सतरंजी मात्र टाळावी, कारण तिच्यावर चाके घसरतात आणि अचूक आज्ञा देऊनही माशी शेजारच्या चौकोनात पोहोचली, तर मूल नसलेली चूक स्वतःच्या आज्ञांत शोधत बसते.