काशाची वाटी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरात तळपायाला चोळायची काशाची वाटी दोनदा आली. पहिली कुरिअरने आली आणि महिनाभरात माळ्यावर गेली. दुसरी गेल्या सप्टेंबरात मी आणि सासूबाईंनी नाशिकच्या भांडी बाजारातून पारखून आणली, आणि ती तेव्हापासून जवळपास रोज रात्री वापरात आहे. पावसाळ्याचा शेवट, थंडी आणि जळगावचा मे महिना असे तिन्ही ऋतू या वाटीने पाहिले असल्यामुळे तिच्याविषयी आता चार गोष्टी खात्रीने लिहिता येतील असे वाटते. विकणारे जे सांगतात त्यातले बरेचसे मला पटलेले नाही. तरीही ही वाटी घ्यावी, असेच मी सांगेन.

आधी पहिल्या वाटीचे. ती लाकडी मुठीची होती आणि दिसायला फार देखणी होती, सोन्यासारखी पिवळीधमक. मूठ धरायला सोयीची वाटते, पण तेल आणि तूप हळूहळू जोडात मुरते, लाकूड फुगते आणि मूठ हलू लागते. आमची तिसऱ्या आठवड्यातच हलू लागली. त्याहून मोठी तक्रार धातूची होती. वाटीवर नखाने टिचकी मारली तर आवाज टक् असा येऊन तिथेच थांबत असे. ती बहुधा पितळेची असावी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, तर कासे म्हणजे तांबे आणि कथील. चांगल्या काशात साधारण 78 टक्के तांबे आणि 22 टक्के कथील असते. देवळातल्या घंटेचा धातू याच कुळातला, म्हणून खरे कासे वाजते. बोटांच्या टोकांवर वाटी तोलून धरावी, लाकडी पेन्सिलीने कडेवर हलकेच मारावे आणि नाद किती वेळ टिकतो ते ऐकावे. नाशिकच्या दुकानदाराने आमच्यासमोर एकामागून एक पाच वाट्या अशा वाजवल्या, आणि त्यांतल्या दोन त्याने स्वतःच बाजूला ठेवल्या.

कथिलाचे प्रमाण एवढे असल्यामुळे कासे कडक असते आणि तितकेच ठिसूळही असते. थंड असताना ठोकले तर ते तडकते, त्यामुळे कारागीर ते लालबुंद तापवून, गरम असेपर्यंतच घडवतात. आसामातल्या सार्थेबारीत आणि ओडिशातल्या कंसारींकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आपल्याकडच्या कासार या जातिनामातही हाच धातू आहे, जरी आता आपल्याला कासार म्हटले की बांगड्या आठवतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की पितळेची वाटी फरशीवर पडली तर तिला पोचा येईल, काशाची पडली तर तिला चीर जाईल. चीर गेलेली वाटी पायाला लावू नये, आणि ती वाजत नाही हे लगेच कळतेच.

आम्ही घेतलेली वाटी बिनमुठीची आहे, जेवणाच्या ताटात आमटीला असते तशीच, फक्त बुडाला जाड आणि बाहेरून गुळगुळीत. वजन 225 ग्रॅम, तोंडाचा व्यास साधारण 8 सेंटीमीटर, किंमत 740 रुपये. भांडी वजनावर विकतात तशीच तीही वजनावर मिळाली. बिनमुठीची वाटी पंजात बसते आणि तिचे वजन आपले काम आपणच करते, त्यामुळे मनगट दाबावे लागत नाही. माझ्यासारख्या, फळ्यावर लिहून लिहून मनगट दुखावलेल्या माणसाला हा फरक ताबडतोब जाणवतो. दीडशे ग्रॅमच्या हलक्या वाट्याही तिथे होत्या, पण त्या पायावर नुसत्या सरकतात.

वापरण्याची रीत सोपी आहे. तळपायाला अर्धा चमचा साजूक तूप किंवा तेल लावायचे आणि वाटीच्या बाहेरच्या बुडाने टाचेपासून चवड्यापर्यंत, मग घोट्याभोवती गोलाकार, असे एका पायाला सात-आठ मिनिटे चोळायचे. पोटरीवर वाटी नेली तर दाब अगदी कमी ठेवावा. आम्ही थंडीत तिळाचे तेल वापरले, कारण खोबरेल सकाळ-संध्याकाळ थिजलेलेच असे. उन्हाळ्यात मात्र खोबरेलच बरे. तुपाने त्वचा सर्वांत मऊ होते, हे मान्य करूनही मला त्याचा अंथरुणाला राहणारा वास सोसत नाही. सासूबाईंचे मत याच्या नेमके उलट आहे, त्यामुळे घरात दोन डब्या आहेत.

आता त्या काळेपणाविषयी. पाच मिनिटांत तळपाय राखाडी आणि मग काळा होऊ लागतो, आणि विकणारे म्हणतात की ही शरीरातली उष्णता बाहेर पडली. मला हे ऐकून प्रथम मौज वाटली आणि मग शंका आली, म्हणून मी तीच वाटी तूप लावलेल्या जाड सुती फडक्यावर दहा मिनिटे घासली. फडकेही काळे झाले. फडक्याला उष्णता झाली होती असे म्हणता येत नाही. काळा रंग वाटीचाच असतो: घर्षणाने धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात, तुपातल्या आम्लांशी आणि पायावरच्या घामाशी त्यांचा संयोग होतो आणि त्याचे काजळीसारखे मिश्रण बनते. ज्याच्या पायाला घाम अधिक, त्याचा पाय अधिक काळा. त्यावरून कोणाची प्रकृती उष्ण आणि कोणाची थंड हे ठरवणे व्यर्थ आहे. थोडे डाळीचे पीठ आणि कोमट पाणी यांनी तो निघून जातो. पांढऱ्या चादरीवरून मात्र सहज निघत नाही, म्हणून जुने फडके खाली अंथरल्याशिवाय बसू नये.

उष्णता ओढण्याच्या गोष्टीत अगदीच तथ्य नाही असेही नाही, पण ते वेगळ्या अर्थाने. धातू उष्णतेचा चांगला वाहक असल्यामुळे वाटी पायाला टेकताच त्वचेची ऊब शोषून घेते आणि पहिली एक-दोन मिनिटे पायाची आग खरोखरच शमल्यासारखी वाटते. वाटी अंगाइतकी गरम झाली की तो परिणाम संपतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 43 अंशांवर जातो, तेव्हा रात्रीही खोलीतली वाटी हाताला थंड लागत नाही, आणि बाहेरून उन्हात राबून आलेल्या माणसाला तिचा जो आधार वाटायला हवा तो वाटत नाही. त्यावर आम्ही उपाय काढला: वाटी दहा मिनिटे माठातल्या पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायची, कोरडी पुसायची आणि मग वापरायची.

दृष्टी सुधारते, गुडघेदुखी जाते, केस पिकत नाहीत, अशी दाव्यांची यादी मात्र विक्रेत्यागणिक वाढत जाते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांचा हवाला देताना तो नीट द्यायला हवा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येत रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून मर्दन, करावा, आणि तो डोके, कान व पाय यांना विशेषेकरून करावा, असे सांगितले आहे. झोप आणि दृष्टीची प्रसन्नता हे त्याचे लाभही तिथे मोजले आहेत. पण त्या श्लोकांत तेल आहे, वाटी नाही. शिवाय कफाचा त्रास असलेल्यांनी, नुकतीच शरीरशुद्धी केलेल्यांनी आणि अजीर्ण झालेल्यांनी अभ्यंग टाळावा, असेही तिथेच पुढे म्हटले आहे, जे जाहिरातीत कोणी छापत नाही. आमच्या घरात नऊ महिन्यांनंतर कोणाच्याही चष्म्याचा नंबर बदललेला नाही. झोप मात्र लवकर लागते, आणि टाचांच्या भेगा यंदाच्या थंडीत पडल्या नाहीत. याचे श्रेय वाटीला द्यायचे की रोज लागणाऱ्या तेलाला, हे सांगता येत नाही. मला तरी ते तेलाचे वाटते.

याच काळात तुलनेसाठी मी यंत्राचाही अनुभव घेतला. हल्ली बऱ्याच शहरांत काशाच्या फिरत्या थाळ्यांची यंत्रे घेऊन बसलेली केंद्रे निघाली आहेत. खुर्चीत बसायचे, पायांना तेल लावून दोन थाळ्यांवर ठेवायचे, आणि थाळ्या विजेवर गरगरत राहतात. मी गेले त्या ठिकाणी वीस मिनिटांचे 150 रुपये पडले. दाब एकसारखा असतो, पायांना बरे वाटते, यात शंका नाही. पाच फेऱ्यांत वाटीची किंमत वसूल होते हा हिशेबही लगेच मनात आला. पण थाळीला टाच कोणती आणि चवडा कोणता हे कळत नाही, दुखरी जागा ओलांडून कशी जायची हेही कळत नाही. तेल लावून देणारी मुलगी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली आणि मी समोरच्या भिंतीवरचे दरपत्रक वाचत बसले. शेवटी काळे झालेले पाय दाखवून तिने ठरलेले वाक्य म्हटले: “बघा ताई, केवढी उष्णता होती!” मी तिला फडक्याची गोष्ट सांगितली नाही. तिचे पोट त्यावर आहे.

घरातल्या वाटीचे तसे नाही, आणि या उत्पादनाबद्दल मला मुख्यतः जे लिहायचे होते ते इथेच आहे. सुरुवातीला मीच सासूबाईंचे पाय चोळत असे. त्यांचे वय 74, आणि कोणाकडून काही करून घ्यायचे म्हटले की त्यांना अवघडायला होते; “तू दिवसभर वर्गात उभी असतेस, राहू दे,” हे त्या रोज म्हणत आणि रोज पाय पुढे करत. ऑक्टोबरात एका रात्री त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली आणि माझा पाय आपल्या मांडीवर ओढला. मी चटकन पाय मागे घेतला, कारण वडीलधाऱ्या माणसाने धाकट्याच्या पायाला हात लावायचा ही कल्पनाच आपल्याकडे सोसत नाही. सून म्हटल्यावर तर नाहीच. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “मी कुठे हात लावतेय? वाटी लावतेय.” तेव्हापासून एक दिवसाआड पाळी बदलते. नुसत्या हाताने मालीश करायचे असते तर ही पाळी कधीच बदलली नसती, असे मला राहून राहून वाटते. त्या मधल्या धातूमुळे त्यांना माझी सेवा केल्यासारखे वाटत नाही आणि मला ती करून घेतल्याचा संकोच वाटत नाही. या पंधरा मिनिटांत टीव्ही बंद असतो, कारण नळातल्या पाण्यासारखा एकसुरी असा वाटीचा घासल्याचा आवाज ऐकायला दोघींनाही आवडतो, आणि दिवसभरात राहून गेलेले बोलणे त्या आवाजावरच होते. मुलगाही हल्ली परीक्षेच्या आदल्या दिवशी आपणहून चटईवर येऊन बसतो. एरवी तो आम्हा दोघींच्या हाताला लागत नाही.

स्वतःची स्वतःलाही वाटी लावता येते, पण पाय मांडीवर घेऊन वाकून बसावे लागते आणि कमरेला ते जड जाते. एकट्याने राहणाऱ्या व्यक्तीने बिनमुठीपेक्षा चांगल्या जोडाची मुठीची वाटी घ्यावी, किंवा कमी उंचीच्या चौरंगावर पाय ठेवून चोळावे.

काही जणांनी मात्र या वाटीपासून दूर राहावे किंवा आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना वाटीच्या कडेने खरचटलेले कळत नाही आणि पायाची जखम त्यांना महागात पडू शकते. पोटरीतल्या शिरा फुगलेल्या असतील, किंवा एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणे असेल, तर मालीश अजिबात करू नये. रक्ताची गुठळी असल्यास ती सुटण्याचा धोका असतो. भेगांतून रक्त येत असेल तर तेवढी जागा सोडावी. आणि सर्वांसाठी एक: तेलकट पायांनी टाईल्सवर चालू नये. आम्ही पाय पुसून सुती मोजे घालतो आणि मगच उठतो.

वाटीची निगा फारशी नाही. काशाला कल्हई लागत नाही. वापर झाला की कागदाने तेल टिपून रिठ्याच्या पाण्याने किंवा राखेने घासायची आणि लगेच कोरडी करायची. ओली ठेवली तर डाग पडतात, पण ते दिसण्यापुरतेच. पायाची वाटी पायालाच ठेवावी, स्वयंपाकघरात परत नेऊ नये. आमच्या वाटीवर सासूबाईंनी खुणेला लाल दोरा बांधला आहे.

माझ्या बहिणीला आता अशीच वाटी हवी आहे, आणि घरबसल्या मागवण्याचा तिचा आग्रह मी मोडून काढला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा नाशिकला जाणार आहोत. सासूबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येते, तरी वाटी उजव्या कानाशी धरून नाद ठरवण्याचे काम त्यांच्याकडेच राहील, असे त्यांनी आत्तापासूनच बजावून ठेवले आहे.